तपासणीत पास, कामावर नापास : पावसाळ्यात वारंवार पडणारी आरसीसीबी आणि दोषी उपकरण शोधण्याची रीत

जुलै-ऑगस्टमध्ये रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यातील केळी पॅकहाऊसमधून मला जे फोन येतात, त्यांतील बहुतेकांची तक्रार एकाच साच्याची असते. सकाळी आठला काम सुरू होते, नऊ-साडेनऊला आरसीसीबी (करंट जमिनीत झिरपू लागला की लाईन तोडणारा स्विच) पडते, वर केली तर कधी टिकते, कधी हात काढताच पडते आणि दुपारी उघडीप मिळून शेडमधील फरशी वाळली की संध्याकाळपर्यंत पुन्हा काही होत नाही. वायरमन येतो तो नेमका दुपारी. त्याला दोष सापडत नाही, तो आरसीसीबी बदलून जातो आणि दुसऱ्या दिवशी नऊ वाजता नवी आरसीसीबीही पडते. मालक सांगतात की मे महिन्यातच सगळ्या उपकरणांची सुरक्षा तपासणी करून घेतली आहे, आणि ते खोटेही नसते : पंख्यावर, वजनकाट्यावर, टाकीच्या पंपावर तारखेसह ‘पास’ लिहिलेले हिरवे स्टिकर असते.

मे महिन्यात पास झालेले उपकरण ऑगस्टमध्ये लाईन का पाडते आणि ते नेमके कोणते हे कसे ओळखायचे, एवढाच या लेखाचा विषय आहे. उदाहरण पॅकहाऊसचे असले तरी डाळ मिल, चटईचा कारखाना, गॅरेज किंवा दूध संकलन केंद्र येथेही रीत हीच राहते. बोर्ड उघडणे आणि मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारे यंत्र) लावणे ही कामे परवानाधारक वायरमननेच करावीत. नजरेने करायची पाहणी मात्र शेडमधील कोणत्याही जबाबदार माणसाला जमते.

आरसीसीबी ‘डायरेक्ट’ करण्याचा हिशेब

गेल्या पावसाळ्यात ज्या पॅकहाऊसमध्ये मी गेलो, तेथे आरसीसीबी दोनदा बदलून झाली होती आणि तिसऱ्या वेळी ती ‘डायरेक्ट’ केलेली होती, म्हणजे येणाऱ्या आणि जाणाऱ्या वायरी एकाच स्क्रूखाली दाबून डबी नावापुरती जागेवर ठेवलेली होती. मालकांना तेथे सगळे अण्णा म्हणतात. अण्णांचे म्हणणे असे, की पुढे 16 अँपिअरची एमसीबी (करंट मर्यादेपलीकडे गेला की लाईन तोडणारा स्विच) आहेच, काही झाले तर ती पडेल.

ती पडत नाही, आणि हे कागदावर मांडून दाखवता येते. अशा शेडला बहुधा स्वतःच्या अर्थ पिटचाच, म्हणजे अर्थिंगसाठी केलेल्या खड्ड्याचाच, आधार असतो. त्या पिटचा रोध 10 ओहम धरला, तर फेजची वायर पंपाच्या बॉडीला पूर्ण चिकटली तरी 230 भागिले 10, म्हणजे जास्तीत जास्त 23 अँपिअर करंट जमिनीत जाईल. सी प्रकारच्या 16 अँपिअर एमसीबीला झटक्यात पडण्यासाठी त्याच्या पाच ते दहापट, म्हणजे 80 ते 160 अँपिअर लागतात. 23 अँपिअरवर ती तासाभरात तरी पडेल याची खात्री देता येत नाही. तेवढा वेळ पंपाची बॉडी आणि तिला लागून असलेले पाणी करंट धरून राहते. 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी मात्र फेजने गेलेला आणि न्यूट्रलने परत आलेला करंट यांतील फरक मोजते, त्यामुळे पिटचा रोध शेकडो ओहम असला तरी ती आपले काम करते. उन्हाळ्यात आपली काळी माती भेगाळते, पिटमधील ओल उडते आणि रोध वाढत जातो. त्या दिवसांत तर एमसीबीवर विसंबणे आणखीच धोक्याचे ठरते. अण्णांना हा हिशेब एका रिकाम्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहून दाखवला, तेव्हा त्यांनी स्वतःच मेन स्विच खाली ओढला आणि आरसीसीबी पुन्हा नीट जोडून घेतली.

एक गोष्ट स्पष्ट करणे भाग आहे. आरसीसीबी असली म्हणजे शॉक लागतच नाही, असे नव्हे. शॉक लागतो, परंतु तो किती वेळ टिकेल हे ती ठरवते : 30 मिलिअँपिअरला जास्तीत जास्त 300 मिलिसेकंद आणि त्याच्या पाचपट करंटला 40 मिलिसेकंद. तिच्यावरील टेस्ट बटण दाबल्यावर ती पडते, याचा अर्थ तिची यांत्रिक बाजू शाबूत आहे इतकाच होतो. अर्थिंगची वायर मुळात जोडलेलीच नसली तरी त्या बटणाने आरसीसीबी पडते, कारण बटणाची वाट अर्थमधून जातच नाही.

मे महिन्याचे स्टिकर काय सांगते आणि काय सांगत नाही

तपासणी करणाऱ्यांनी लबाडी केली असे मी म्हणणार नाही. त्यांनी 500 व्होल्टचा मेगर लावला, अर्थ असलेल्या उपकरणाला किमान 1 मेगाओहम आणि दुहेरी इन्सुलेशनच्या, म्हणजे चौकोनात चौकोन अशी खूण असलेल्या उपकरणाला किमान 2 मेगाओहम ही सर्वत्र वापरली जाणारी मर्यादा धरली, आणि आकडे त्याच्या कितीतरी वर आले. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर असतो, हवेत दमटपणा नसतो. अशा हवेत पंधरा दिवस कोपऱ्यात पडून असलेला पंप इतका कोरडा असतो, की त्याच्या फाटक्या वायरीचाही आकडा चांगलाच येईल. केळीच्या फण्यांचा चीक काढण्यासाठी टाकीत तुरटीचे पाणी असते आणि तुरटी विरघळलेले पाणी साध्या पाण्यापेक्षा करंट चांगला वाहून नेते. त्या पाण्यात दोन तास उभ्या असलेल्या पंपाविषयी मेमधील आकडा काहीच सांगत नाही.

दुसरी उणीव कळीची आहे, आणि येथे कळ म्हणजे शब्दशः बटण. उपकरणाचे स्वतःचे बटण बंद ठेवून मेगर लावला, तर मेगरला बटणापर्यंतचाच भाग दिसतो. मोटार, हीटरचे एलिमेंट, आतले वायंडिंग हे सगळे बटणाच्या पलीकडे राहते. थ्री-पिन टॉपच्या (प्लगच्या) फेज आणि न्यूट्रल पिना एकत्र जोडून, उपकरणाचे बटण चालू स्थितीत ठेवून, त्या जोडीपासून अर्थ पिनपर्यंत मोजणे ही योग्य पद्धत आहे. पिना एकत्र जोडल्याने वजनकाट्यासारख्या इलेक्ट्रॉनिक उपकरणाच्या आतील भागांवर 500 व्होल्ट येत नाहीत, हा त्याचा आणखी एक फायदा.

तिसरी उणीव पाहून मला दरवेळी नवल वाटते. उपकरणांवर स्टिकर असते, एक्स्टेंशन बोर्डांवर नसते. एक्स्टेंशन बोर्डाला कोणी उपकरण मानतच नाही. वास्तविक शेडभर फरफटत जाणारी, क्रेटच्या खाली चिरडली जाणारी आणि पाण्यात पडणारी वस्तू तीच असते.

दोष पकडण्याची वेळ आणि क्रम

लाईन ज्या वेळी पडते त्या वेळीच शेडमध्ये असायला हवे. मी सकाळी सातला पोहोचतो आणि काम नेहमीप्रमाणे सुरू करायला सांगतो. फरशी पुसू नका, पंप हलवू नका, बोर्ड नीट मांडू नका, हे वेगळे बजावावे लागते, कारण बाहेरचा माणूस येणार म्हटल्यावर शेड आवरले जाते आणि आवरताना दोषही झाकला जातो.

लाईन पडली की सर्व उपकरणांचे टॉप सॉकेटमधून काढावेत. बटण बंद करणे पुरेसे नाही, आणि बहुतेक वायरमन येथेच फसतात. सॉकेटचे बटण फक्त फेज तोडते. न्यूट्रल तशीच जोडलेली राहते. एखाद्या उपकरणात ओलीमुळे न्यूट्रल बॉडीला चिकटली असेल, तर ते उपकरण बंद असतानाही दोष चालूच असतो. शेडमध्ये भार वाढला की न्यूट्रल वायरवर जमिनीच्या तुलनेत तीन-चार व्होल्ट चढतात. दोषाच्या वाटेवर 200 ओहमचा रोध असला, तर 4 व्होल्ट भागिले 200 म्हणजे 20 मिलिअँपिअर त्या चोरवाटेने जमिनीत जातात. 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी 15 पर्यंत पडता कामा नये आणि 30 ला पडलीच पाहिजे, मधल्या पट्ट्यात ती कोठेही पडू शकते. म्हणून 20 वर ती पडू शकते, आणि पडते तीही भलत्याच वेळी : कोणीतरी केळी सुकवण्याचा मोठा पंखा चालू करतो, न्यूट्रलवरचा भार वाढतो, लाईन जाते आणि दोष पंख्यावर येतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. अण्णांच्या शेडमध्ये याच कारणाने दोन चांगले पंखे अडगळीत टाकलेले होते.

सगळे टॉप काढल्यावर आरसीसीबी वर करावी. ती टिकली नाही, तर दोष शेडच्या स्थिर वायरिंगमध्ये आहे आणि उपकरणांच्या मागे लागण्यात अर्थ नाही. टिकली, तर एकेक टॉप परत लावत जावे. परंतु प्रत्येक टॉपनंतर दोन मिनिटे थांबावे आणि मोठा पंखा मुद्दाम चालू-बंद करून न्यूट्रलवर भार द्यावा. हा भार दिल्याशिवाय न्यूट्रलचा दोष वर येत नाही.

लीकेज मोजणारा क्लॅम्प मीटर असेल तर काम फारच सोपे होते. साधा क्लॅम्प मीटर येथे चालत नाही, मिलिअँपिअर दाखवणारा लागतो. फेज आणि न्यूट्रल दोन्ही वायरी एकत्र जबड्यात घ्याव्यात; जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना खोडतात आणि उरलेला आकडा जमिनीत झिरपणारा असतो. अण्णांच्या शेडमध्ये टाकीचा पंप आणि मोठा पंखा सोडून बाकी सगळे चालू असताना हा आकडा 12 च्या आसपास होता आणि टाकीचा पंप लावताच 19 ते 24 मध्ये डोलू लागला. मोठा पंखा सुरू केला आणि लाईन गेली.

पंपाच्या वायरीचा जोड

पंप स्वतः ठीक होता. त्याची मूळ वायर तीन मीटरची, टाकीपासून सॉकेट सहा मीटरवर. कोणीतरी वायर वाढवून घेतली होती आणि जोड नेमका टाकीच्या कडेला, पाणी ठिबकते तेथे आला होता. जोडावर काळी इन्सुलेशन टेप, तिच्यावर पुन्हा टेप आणि त्यावर पिशवीचे प्लॅस्टिक सुतळीने बांधलेले. बाहेरून पाहिले तर काळजीपूर्वक केलेले काम. सुतळी सोडली तेव्हा प्लॅस्टिकच्या आतून चमचाभर पाणी सांडले. पिशवीने पाणी बाहेर ठेवण्याऐवजी आत साठवले होते. टेप उलगडताना चिकटपणा हाताला लागला आणि आतील तांब्यावर हिरवट थर दिसला. तिन्ही वायरींचे जोड एकाच ठिकाणी, एकमेकांना खेटून होते. ओल्या अवस्थेत मेगर लावला तर आकडा शून्यावर. तोच जोड उघडा करून अर्धा तास पंख्यासमोर धरला आणि पुन्हा मोजले, तर 6 मेगाओहम. म्हणजे मे महिन्याचा ‘पास’ खरा होता आणि सकाळी लाईन पडणेही खरे होते.

अर्थची वायर या जोडात होती, परंतु तिच्या दोन-तीन तारा धरून होत्या, बाकीच्या तुटलेल्या. साध्या मल्टिमीटरने टॉपच्या अर्थ पिनपासून पंपाच्या बॉडीपर्यंत रोध मोजला तर आकडा समाधानकारक येतो, कारण मल्टिमीटर अगदी नगण्य करंट पाठवतो आणि त्याला एक तारही पुरते. खऱ्या दोषाच्या वेळी ती तार जळून तुटते. म्हणून अर्थ तपासताना किमान 200 मिलिअँपिअर, आणि मोटारीच्या उपकरणाला शक्य असल्यास 10 ते 25 अँपिअर पाठवणारे यंत्र वापरतात, आणि वायरीच्या स्वतःच्या रोधाखेरीज 0.1 ओहमपर्यंतचा आकडा स्वीकारतात. वजनकाटा किंवा संगणक यांवर मात्र मोठ्या करंटची चाचणी करू नये. ज्याच्याकडे असे यंत्र नाही त्याने मल्टिमीटर लावून वायर टॉपपाशी, ग्लँडपाशी (वायर उपकरणात शिरते तेथे) आणि प्रत्येक जोडापाशी वाकवून पाहावी. आकडा उड्या मारू लागला की तेथे तारा तुटलेल्या आहेत.

जोड काढून टाकला, टाकीपासून सॉकेटपर्यंत एकसंध रबरी वायर टाकली आणि सॉकेट पाण्याच्या उडत्या थेंबांपासून दूर, खांद्याच्या उंचीवर नेले. आकडा 24 वरून 12 वर परत आला. यापुढे लाईन पडणार नाही असे अण्णांना वाटले. मला तसे वाटले नाही.

उरलेले 12 मिलिअँपिअर

एखादे उपकरण दोषी नसतानाही थोडा करंट जमिनीत सोडतेच. वजनकाट्याच्या अडॅप्टरमध्ये, एलईडी दिव्यांच्या ड्रायव्हरमध्ये, संगणकात आणि प्रिंटरमध्ये व्यत्यय गाळण्यासाठी फेजपासून अर्थपर्यंत लहान कपॅसिटर बसवलेले असतात. 4.7 नॅनोफॅराडच्या एका कपॅसिटरमधून 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झला साधारण 0.34 मिलिअँपिअर जातात. एकट्याने काही बिघडत नाही, परंतु वीस-पंचवीस दिवे, चार काटे, दोन संगणक आणि लेबल छापण्याचे यंत्र एकाच आरसीसीबीवर आले की बेरीज आठ-नऊपर्यंत सहज जाते. त्यात चहाच्या किटलीचे किंवा पाणी तापवण्याच्या रॉडचे एलिमेंट मिसळते. एलिमेंटच्या आत भरलेली मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ओल शोषते, म्हणून पंधरा दिवस बंद असलेली किटली पहिल्या दिवशी लाईन पाडते आणि काही वेळ तापल्यावर सुधारते. अशी किटली टाकून देण्यापूर्वी तापवून पुन्हा मोजावी. मेगरचा आकडा वर चढला तर ती वाळली, नाही चढला तर एलिमेंट गेले.

12 मिलिअँपिअर आधीच वाहत असतील, तर 15 च्या वर पडण्याची मुभा असलेल्या आरसीसीबीला तीन-चार मिलिअँपिअरचे निमित्त पुरते. येथे उपाय उपकरणे बदलण्याचा नाही. अण्णांकडे एकाच 30 मिलिअँपिअर आरसीसीबीच्या जागी तीन बसवल्या : एक टाकी आणि ओल्या भागासाठी, एक पंखे व पट्टी मारण्याच्या यंत्रासाठी, एक कार्यालय व दिव्यांसाठी. प्रत्येकीवरील स्थिर झिरपा पाचच्या आत आला. न्यूट्रलही तीन वेगळ्या ठेवाव्या लागतात. एका आरसीसीबीची फेज आणि दुसरीची न्यूट्रल अशी सरमिसळ झाली तर दोन्ही पडत राहतात आणि दोष असा कोठेच नसतो. जुन्या बोर्डात सर्व न्यूट्रल एकाच पट्टीवर असतात, तेव्हा ही विभागणी करताना अर्धा दिवस न्यूट्रल ओळखण्यातच जातो. त्याची मजुरी देताना कुरकुर करू नये.

नजरेला दिसणारे दोष

ब्रिटनमध्ये अशा तपासणीची परंपरा जुनी आहे आणि तेथील आरोग्य व सुरक्षा यंत्रणेचेही सांगणे आहे, की बहुतेक दोष यंत्र न लावता, नुसत्या पाहणीत सापडतात. माझा अनुभव वेगळा नाही. आपल्या भागातील शेडमध्ये तीन गोष्टी हमखास दिसतात. टॉप तुटला म्हणून वायरीची टोके सोलून सॉकेटच्या भोकांत घालायची आणि ती निसटू नयेत म्हणून काडेपेटीच्या काड्या खोचायच्या, ही पहिली. तीन तारांच्या वायरीला दोन पिनांचा टॉप लावून हिरवी-पिवळी तार कापून मागे दुमडायची, ही दुसरी. अर्थची पिन बाकी दोन पिनांपेक्षा लांब व जाड ठेवलेली असते ती आधी जोडली जावी आणि शेवटी सुटावी म्हणून, आणि आपण ती पिनच काढून टाकतो. तिसरी म्हणजे लोखंडी कूलर. मार्च ते जून शेडच्या कार्यालयात जो कूलर असतो, त्याच्या पत्र्याला पाणी, गंज आणि आतल्या लहान पंपाची लोंबती वायर अशी तिन्ही संकटे एकत्र असतात. पाणी भरताना टॉप सॉकेटमधून काढलाच पाहिजे, याला अपवाद नाही.

टेस्टरविषयी एक तक्रार नोंदवतो. उपकरणाच्या बॉडीला टेस्टर लावला आणि तो पेटला म्हणून यंत्र भंगारात काढणारे लोक मी पाहिले आहेत, आणि प्लॅस्टिकच्या क्रेटवर उभे राहून टेस्टर लावून ‘काही नाही’ म्हणणारेही पाहिले आहेत. कपॅसिटरच्या किरकोळ झिरप्यानेही टेस्टर पेटतो, आणि अंग जमिनीपासून तुटलेले असले तर खऱ्या दोषावरही तो मंद राहतो. त्याच्या भरवशावर कोणताच निर्णय घेऊ नये. टाकी धुण्यासाठी आत उतरणाऱ्या माणसाच्या हातात मेनवर चालणारा दिवा देऊ नये, हे तर कायद्यातही होते : 2025 पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, 1948 मधील कलम 36-अ नुसार टाकी, खड्डा, पाइप अशा बंदिस्त जागेत पुरेशी सुरक्षा साधने नसतील तर 24 व्होल्टपेक्षा जास्त व्होल्टेजचा हातदिवा किंवा अन्य उपकरण वापरता येत नसे. बॅटरीचा दिवा या कामाला पुरतो.

स्टिकरवर काय लिहावे

अण्णांच्या शेडमधील स्टिकर आम्ही बदलले. ‘पास’ हा शब्द काढला आणि त्याजागी तीन आकडे लिहिले : अर्थचा रोध, मेगरचा आकडा आणि चालू असतानाचा झिरपा. शेजारी ‘कोरडे’ किंवा ‘कामावरून काढून लगेच’ असा शेरा. पंपाच्या स्टिकरवर आता मेमधील आणि ऑगस्टमधील आकडे एकाखाली एक आहेत. ओल्या जागेतील आणि हातात धरायच्या उपकरणांची तपासणी मी दर तीन महिन्यांनी करतो आणि त्यांतील एक फेरी भर पावसाळ्यात, सकाळी नऊला ठेवतो. कार्यालयातील संगणकाला वर्षातून एकदा पुरते. ग्राइंडर आणि ड्रिल यांच्या बाबतीत मोजण्यापूर्वी कार्बन ब्रश पाहावेत, कारण झिजलेल्या ब्रशची पूड आत बसून इन्सुलेशनचा आकडा खाली आणते आणि हवेने ती उडवल्यावर तो पुष्कळदा सावरतो. एक्स्टेंशन बोर्डांना क्रमांक दिले आहेत आणि त्यांचीही नोंद वहीत आहे.

हे सगळे करूनही, सर्व टॉप काढलेले असताना रात्री लाईन पडत असेल, तर पत्र्याखालील जंक्शन बॉक्स उघडायला घ्यावेत. पावसाळी वाऱ्याच्या बाजूच्या भिंतीवरील बॉक्स आधी घ्यावा. पाणी पाइपमधून उतरून त्यातच साठते, आणि उंदरांनी कुरतडलेली वायरही बहुतेक वेळा तेथेच सापडते.